आमेन म्हणण्याआधी

मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख पाठवा अशी नोटीस लागली, तेव्हा माझ्या रूमपार्टनरनेच मला विषय सुचवला. म्हणाला, "तू तुझ्या आठच्या फोनवर लिही. मधले काही महिने सोडले तर चौथं वर्ष ऐकतोय मी. मला पाठ झालंय सगळं." आणि त्याने डोळे मिटून, हात जोडून, थेट माझ्या आजीच्या आवाजात एक लांबलचक 'आऽऽमेन' म्हणून दाखवलं. नक्कल चांगली होती. आजीला सांगितलं तर तीसुद्धा हसली आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, नुसतं आमेन नको, त्याच्या आधीचं पण म्हण."

तर हा लेख त्या आठच्या फोनबद्दल आहे. म्हणजे प्रार्थनेबद्दल. घाबरू नका, मी कोणाचा धर्म बदलायला निघालेलो नाही. ज्या मेकॅनिकलवाल्याला स्वतःची ब्रँच बदलता आली नाही, तो दुसऱ्याचा धर्म काय बदलणार!

आम्ही नगरचे. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण आजीच्या तोंडी अजून नगरच आहे. मराठी ख्रिस्ती म्हटलं की कॉलेजात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुम्ही घरी इंग्लिश बोलता का रे?" आणि दुसरा, "नाताळला केक आणणार ना?" पहिल्याचं उत्तर : नाही. बोलत असतो तर कम्युनिकेशन स्किल्सच्या व्हायवात माझी अशी दातखीळ बसली नसती. दुसऱ्याचं उत्तर : केकही आणीन, पण आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळी आणि चकल्याही होतात, त्या जास्त चांगल्या लागतात. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तिथूनच १८४२ मध्ये निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक नगर-राहुरीच्या भागात राहिले. त्यामुळे आमची भक्ती अस्सल मराठी आहे. चर्चमध्ये आम्ही 'उपासना संगीत' घेऊन गातो आणि त्यातली कितीतरी पदं टिळकांची आहेत. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असं टिळकांनी म्हणून ठेवलंय. माझा रूमपार्टनर पंढरपूरच्या बाजूचा, त्याच्या घरी संध्याकाळी हरिपाठ होतो. आजीचं गाणं फोनवरून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, "अरे, ही चाल तर आमचीच आहे!"

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

आठच्या फोनचा कार्यक्रम ठरलेला असतो. घरी सगळे समोरच्या खोलीत बसतात. टीव्ही बंद. आजी एक स्तोत्र वाचते, मग एखादं कडवं गातात, मग प्रार्थना, मग आमेन. मी पुण्याला आल्यापासून मोबाईल स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवलेला असतो, म्हणजे मीही तिथे बसलोय असं समजायचं. एकूण वेळ दहा मिनिटं. त्यातली पहिली दोन 'आवाज येतोय का, आवाज येतोय का' यात जातात. खरं सांगायचं तर बहुतेक दिवस त्यात काहीच घडत नाही. माझं लक्ष ड्रॉइंगच्या शीटकडे असतं, मेसमधली भाजी संपेल ही काळजी असते. अंगावर काटा वगैरे येत नाही. टेलिकास्ट होणाऱ्या सभांमध्ये लोक रडतात, थरथरतात. आमच्या घरी पप्पांना जांभई येते.

आजीकडे एक वही आहे. साधी शंभर पानी, शाळेची. तिच्यात नावं लिहिलेली. आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हापासूनची ही सवय. वॉर्डातल्या पेशंटची नावं ती ड्यूटी संपली की लिहून ठेवायची आणि रात्री एकेक नाव घेऊन प्रार्थना करायची. कोण हिंदू, कोण मुसलमान, तिला फरक पडायचा नाही. वह्या भरत गेल्या, नव्या येत गेल्या. आता त्यात शेजारपाजारचे, नातेवाईक, चर्चची मंडळी आणि नातवंडं आहेत. नाव पेनाने आणि नावापुढे कारण पेन्सिलीने. कारण बदलतं म्हणून पेन्सिल. माझ्या नावापुढे दुसऱ्या वर्षी तिने 'एम थ्री' लिहिलं होतं. मला फोनवर विचारून घेतलं होतं, "हे एम थ्री म्हणजे नक्की काय असतं रे?" मी म्हणालो, "गणित." तर म्हणाली, "मग गणित म्हण की. देवाला गणित म्हटलं तरी कळतं." पण लिहिलं मात्र एम थ्री. आणि रोज रात्री आठ वाजता, लॅप्लास ट्रान्सफॉर्म या शब्दाशी ज्या बाईचा आयुष्यात संबंध आला नाही, ती बाई देवाला सांगत होती की प्रभू, याचा एम थ्री तू सांभाळ.

प्रभूने सांभाळला नाही. किंवा मी सांभाळला नाही म्हणू. एम थ्री राहिलाच, थर्मोडायनॅमिक्सही राहिला, आणखीही राहिले. नियमात बसतात त्यापेक्षा एक विषय जास्त राहिला. २०२४ च्या जुलैअखेर निकाल लागला आणि मी वायडी झालो. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांनी भोगलं नाही त्यांच्यासाठी : वायडी झालेल्या मुलाला कॉलेज काढून टाकत नाही, फक्त त्याला दिवसभर करायला काही उरत नाही. सकाळी सगळी रूम तिसऱ्या वर्षाच्या लेक्चरला जाते. तुम्ही गादीवर. दहा वाजता मेसवाल्या काकू विचारतात, "आज सुट्टी का?" तुम्ही म्हणता, "हो."

मी घरी सांगितलं नाही. आधी वाटलं, फोटोकॉपी मागवू, रिव्हॅल्युएशनला टाकू, मार्क वाढतील, मग सांगायची वेळच येणार नाही. मार्क वाढले नाहीत. मग वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. पप्पा कारकून आहेत, माझ्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं आहे. त्यांना फोनवर हे वाक्य कसं सांगायचं ते मी रोज मनात रचायचो आणि रोज मोडायचो. असे साडेपाच आठवडे गेले.

आणि या साडेपाच आठवड्यांत रोज रात्री आठ वाजता फोन येत होता. आजी विचारायची, "कॉलेज सुरू झालं ना नीट? तिसरं वर्ष अवघड असतं म्हणतात." मी म्हणायचो, "हो, चाललंय." मग ती प्रार्थना करायची. माझ्या तिसऱ्या वर्षासाठी. माझ्या नव्या विषयांसाठी. मला शिकवणाऱ्या सरांना बुद्धी दे म्हणून (ही मागणी मात्र रास्त होती). आणि शेवटी सगळ्यांबरोबर मी आमेन म्हणायचो.

आमेन हा मूळचा हिब्रू शब्द. अर्थ असा की हे खरं आहे, हे असंच असो. शब्बाथ शाळेत आम्हाला हे लहानपणीच शिकवलेलं. म्हणजे मी रोज रात्री, सगळ्या घराच्या साक्षीने, जे खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं त्याला 'हे खरं आहे' असं म्हणत होतो. खोटं बोलण्याचं मला तसं वावडं नाही. जर्नल कॉपी करून 'स्वतः केलं' म्हणून सही घेताना माझा हात कधी कापलेला नाही. पण हे दिवसेंदिवस जड व्हायला लागलं. फोन यायची वेळ झाली की पोटात गोळा यायचा. दोनदा मी 'प्रॅक्टिकलला आहे' म्हणून फोन उचलला नाही. रात्री आठ वाजता कुठलं प्रॅक्टिकल? पण आजीने विचारलं नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी रूमवर मी एकटाच होतो. तिकडे गाणं झालं, प्रार्थना झाली, सगळे आमेन म्हणाले आणि माझ्याकडून आवाजच निघाला नाही. दुसऱ्या टोकाला शांतता. मग आजी म्हणाली, "आमेन म्हण की रे लेकरा." मी म्हणालो, "आजी, स्पीकर बंद कर." तिने पप्पांना विचारून तो बंद केला आणि मोबाईल घेऊन आत गेली. मग मी सांगितलं. काय शब्द वापरले आठवत नाहीत. रडलो एवढं आठवतं.

मला वाटलं होतं आता उपदेश येईल. तिने विचारलं, "जेवलास का?" मी नाही म्हणालो. म्हणाली, "आधी जेव. पप्पांना उद्या सांग. मी सांगणार नाही, तूच सांगायचं. मी शेजारी बसून राहीन." आणि मग, "थांब जरा, वहीत दुरुस्ती करते." फोनवर मला पानं उलटल्याचा आवाज आला. मग खोडरबराचा. मी अजून शपथेवर सांगू शकतो की तो खोडरबराचाच होता. म्हणाली, "किती विषय राहिले ते सांग, सगळे लिहिते." मी एकेक सांगत गेलो, ती लिहीत गेली. थर्मोडायनॅमिक्सला बराच वेळ लागला. आणि मग आम्ही दोघांनी परत पहिल्यापासून प्रार्थना केली, या वेळी खऱ्या यादीवर.

माझं जे काही मत आहे ते त्या खोडरबराच्या आवाजापासून सुरू होतं.

आमच्या मंडळींत साक्ष देण्याची पद्धत आहे. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. चांगली पद्धत आहे, माणसं मोकळी होतात. पण विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी ज्या साक्षी ऐकत आलोय त्या बहुतेक एकाच साच्यातल्या : अभ्यास झाला नव्हता, प्रार्थना केली, पेपरात नेमकं तेच आलं, फर्स्ट क्लास मिळाला. किंवा, शंभर जण इंटरव्ह्यूला होते, प्रार्थना केली, सिलेक्शन माझं झालं. टाळ्या. मला विचारावंसं वाटतं, उरलेल्या नव्व्याण्णवांत कोणी प्रार्थना करणारा नव्हता का? तो आज मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला असेल. त्याला स्टेजवर कोण बोलावणार? नापासाची साक्ष ऐकायला कोणाकडे वेळ आहे?

असल्या साक्षींनी माझ्यासारख्याचं नुकसानच जास्त होतं असं माझं स्पष्ट मत आहे. मी साडेपाच आठवडे तोंड लपवलं त्याचं एक कारण हेही होतं. मला पप्पांची भीती होतीच, पण आत कुठेतरी असंही वाटत होतं की एवढ्या प्रार्थना होऊनही मी नापास, म्हणजे माझ्यातच काहीतरी गडबड आहे. देवानेही माझ्या नावापुढे रेघ मारली.

खरं तर बायबल नीट वाचलं तर हा साचा तिथेच मोडतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्रार्थना केली की हे दुःख माझ्यावरून टळू दे. टळलं नाही. (सोबतीला म्हणून नेलेले तीन शिष्य तेवढ्यात झोपी गेले, हे वाचून मला आमच्या नाइट मारण्याच्या कार्यक्रमांची आठवण होते.) पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितलंय की शरीरातला एक काटा काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी सरळसरळ तक्रारीची आहेत. तेराव्याची सुरुवातच, अजून किती दिवस वाट पाहायची, या विचारण्याने होते आणि ते एकदा विचारून भागत नाही. बहुतेक तक्रारी शेवटी स्तुतीकडे वळतात. पण अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ पिढ्यानपिढ्या जपला त्यांना ते स्तोत्र गाळून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं.

हे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मला माहीत झालं ते काकांमुळे. माझे थोरले काका चार वर्षं डायलिसिसवर होते. आजीच्या वहीत रोज पहिलं नाव त्यांचं असायचं. मी सातवीत असताना ते गेले. मातीहून आल्यावर संध्याकाळी आठ वाजता आजी तिच्या जागेवर येऊन बसली. आम्हाला वाटलं आज नसेल. तिने ते स्तोत्र वाचलं. गाणं म्हटलं नाही, वही उघडून बघितली, मिटली, आणि आमेन म्हणाली. एवढीच प्रार्थना. असे बरेच दिवस चाललं. मग कधीतरी तिने परत गायला सुरुवात केली, कोणत्या दिवशी ते माझ्या लक्षात राहिलं नाही. काकांचं नाव वहीत अजून आहे. त्यापुढची पेन्सिल तेवढी खोडलेली आहे.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "देवाने ऐकलं नाही तर तू रोज का सांगतेस?" तिने काही मोठं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "मग कोणाला सांगू?"

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. शब्बाथ शाळेच्या सहलीला आम्हाला केडगावला नेलं होतं. (नगरच्या वेशीवरही एक केडगाव आहे, ते वेगळं. हे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेवरचं.) तिथल्या मुक्ती मिशनमध्ये मला त्या वयात फक्त तिथली झाडं आणि जेवण आवडलं होतं. वायडीच्या वर्षात घरी रिकामा होतो म्हणून त्यांच्याबद्दल वाचलं. आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात लहान मुलगी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणि बायका केडगावला आणल्या, सांभाळल्या, कामाला लावल्या. ऐकायला कमी येत असताना मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर हाती घेतलं, ते सुमारे दीड तप चाललं. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायका करत. काम शेवटाला आलं असताना, १९२१ मध्ये, मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या, भाषांतर पुरं करून. छापून झालेलं अख्खं बायबल १९२४ मध्ये आलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आता यांची साक्ष फर्स्ट क्लासच्या साच्यात कशी बसवणार? त्यांनी जे मागितलं असेल त्यातलं किती मिळालं याचा हिशेब मांडला तर बाकी तुटीचीच निघेल. तरी त्या रोज उठून पुढची ओळ भाषांतर करत राहिल्या. हे बळ कुठून आलं असं मी विचारतो तेव्हा मला मोठमोठ्या सभा दिसत नाहीत, रोजचा तोच तो नेम दिसतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजच्यापुरती. महिन्याचं रेशन मागायला शिकवलेलं नाही. निर्गमाच्या पुस्तकात रानातल्या लोकांना मान्ना मिळत असे तोही रोजच्या रोज गोळा करायचा. उद्यासाठी साठवला की किडे पडायचे. (अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा, त्या दिवशी दुप्पट. सुट्टीची सोय तेव्हाही होती.) मला वाटतं आशेचंही असंच आहे. मी मेळाव्याला जाऊन एकदम भरून आणलेला उत्साह चार दिवसांत आंबायचा. आठच्या फोनने मिळायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच पुरायचं, पण सकाळपर्यंत पुरायचं.

मेकॅनिकलचा आहे म्हणून एक उदाहरण देतो, गोड मानून घ्या. फोर-स्ट्रोक इंजिनात चार स्ट्रोकपैकी पॉवर देणारा एकच. उरलेल्या तिघांत नुसतं घ्यायचं, दाबायचं, फेकायचं. तरी इंजिन बंद पडत नाही कारण फ्लायव्हील त्या एका स्ट्रोकची ऊर्जा धरून ठेवतं आणि बाकीच्या तिघांतून गाडी ओढून नेतं. रोजची प्रार्थना मला फ्लायव्हीलसारखी वाटते. आमच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "उदाहरण बरं आहे, पण हे आधी पेपरात लिहिलं असतंस तर?" बरोबर आहे त्यांचं.

रूमपार्टनरचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, यात देव कुठे आला? रोज कोणी आपुलकीने फोन केला, आपलं नाव घेतलं, आपण खरं बोललो की कोणालाही बरं वाटणारच. सायकॉलॉजी आहे. आमचा यावर कट्ट्यावर बराच वाद झालाय आणि चहाचे पैसे नेहमी मीच दिलेत. त्याचं म्हणणं मी पूर्ण खोडू शकत नाही. माणसाच्या आवाजाचा आधार असतोच. पण मला एवढं माहीत आहे की त्या गुरुवारी मी आजीला घाबरलो नव्हतो. आजीला मी आणखी सहा महिने फसवू शकलो असतो, ती साधी बाई आहे. जिच्याशी आपण दोघंही बोलत होतो त्या तिसऱ्या जागेला मी फसवू शकत नव्हतो. तिथे सगळं आधीच माहीत आहे, आणि तरी बोलावणं बंद झालेलं नाही, असं मला वाटलं. याला पुरावा नाही. मी मागत नाही, तुम्हीही मागू नका.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. होस्टेलवर, रूमवर, कोणी आतून पार खचलेला असेल तर त्याला नुसतं 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, घरी कळवा, सरांना सांगा, डॉक्टरकडे न्या. विश्वास ठेव आणि गोळ्या बंद कर असं सांगणारे लोक आहेत, दुर्दैवाने आमच्यातही आहेत. आजी त्यांच्यावर फार चिडते. तिची नर्सची नोकरी झालेली. ती म्हणते, "गोळी द्यायची, पाणी द्यायचं आणि मग प्रार्थना करायची. मी तीस वर्षं तेच केलं." पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याही डोक्यात नको ते विचार येऊन गेले होते. रूमपार्टनरला ते कसे कळले माहीत नाही, पण तो रात्री दाराला कडी लावू द्यायचा नाही आणि लेक्चर बुडवून मला जेवायला घेऊन जायचा. तो देव मानत नाही. आजीच्या वहीत त्याचं नाव माझ्या खालीच आहे, आणि त्यापुढे कारण लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "त्याच्यासाठी मागायचं नाही काही. आभार मानायचे."

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना सांगितलं. आजी ठरल्याप्रमाणे शेजारी बसून होती. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच पुण्याला आले, माझी ट्रंक उचलली आणि आम्ही एसटीने नगरला गेलो. शिरूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. स्टँडवर उतरून दोन वडापाव घेऊन आले आणि त्यातला एक मला दिला. मग म्हणाले, "मी दहावीला गणितात दोनदा बसलो होतो. तुझ्या आजीला माहीत आहे." मला माहीत नव्हतं.

ते वर्ष मी नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये सकाळी हेल्परचं काम केलं आणि दुपारनंतर अभ्यास. लेथवर चिप्स साफ करताना थर्मोडायनॅमिक्स समजत नाही, पण रिकामं डोकं सैतानाच्या ताब्यात जात नाही हे खरं. रात्री आठला मी आता टीपॉयच्या अलीकडे, प्रत्यक्ष बसलेला. डिसेंबरात बाकीचे विषय निघाले आणि एम थ्री परत राहिला! त्या दिवशी मी स्वतःच वही मागून घेतली आणि माझ्या नावापुढे 'एम थ्री (पुन्हा)' असं लिहिलं. आजीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अक्षर सुधार." २०२५ च्या मेमध्ये एम थ्री सुटला. काठावर. यात प्रार्थना किती, अभ्यास किती आणि पेपर तपासणाऱ्याची दया किती, हे काढायला माझ्याकडे मोजपट्टी नाही. नगरला एका मेळाव्यात मला साक्ष द्यायला सांगितलं. मी म्हणालो, डिसेंबरच्या निकालाची देतो, मेची नको. त्यांनी मला परत विचारलं नाही.

आज मी तिसऱ्या वर्षाला आहे, माझे मूळचे मित्र शेवटच्या. लेक्चरला माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान मुलं मला 'दादा' म्हणतात, सवय झाली. त्यातला एक जण परवा लायब्ररीच्या जिन्यावर बसला होता, हातात निकालाचा प्रिंटआऊट. त्याला मी काही सांगितलं नाही. जेवलास का विचारलं. नाही म्हणाला. मग आम्ही मेसला गेलो. त्याचं नाव विचारून घेतलंय.

आता आठला पाच कमी आहेत. सबमिशनची फाईल अर्धी पडलीय, मेसमध्ये आज वांगं आहे म्हणून घाई नाही. आजीला या लेखाबद्दल सांगायचंय आणि मराठी विभागाच्या संपादकाचंही नाव वहीत घालायला सांगणार आहे. मागच्या वर्षीचा अंक परीक्षा संपल्यावर निघाला होता.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी